डावी बाजू

थोरलीला सगळे थोरलीच म्हणायचे. धाकटी कोणी जन्माला आलीच नाही, पण वडिलांनी लाडाने ठेवलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. बापलेकीचं गॅरेज घराच्या खाली. लेक गाडीच्या उजव्या बाजूला, बाप डाव्या बाजूला, ही वाटणी ती बारा वर्षांची असल्यापासून ठरलेली. एकमेकांकडे न बघता दोघं काम करायची.

शर्यतीची लाल गाडी दोघांनी मिळून बांधली होती. इंजिनाला दीडपट ताकद चढवली, मागच्या चाकांना फिरवणारा अॅक्सल मात्र जुनाच ठेवला. व्हायचं तेच झालं. चढाच्या शर्यतीत झेंडा पडला, थोरलीने क्लच सोडला आणि अॅक्सल कडाड करून मोडला. गाडी जागच्या जागी बसली.

"मोठ्या गाडीचा अॅक्सल घालू," वडील म्हणाले होते. "मग बघू कोण मोडतो."

पंधरा दिवसांनी त्यांना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. तेव्हापासून ते खिडकीपाशी पलंगावर पडून भिंतीकडे बघत राहायचे. व्यायाम करून घ्यायला येणारी बाई म्हणायची, "त्यांना उठावंसं वाटलं पाहिजे. ते काही माझ्या हातात नाही."

थोरलीने मनाशी ठरवलं, पुढच्या शर्यतीला गाडी उभी करायची आणि इंजिनाचा आवाज त्या खिडकीतून आत जाऊ द्यायचा. भंगारवाल्याकडून जुन्या मालवाहू गाडीचा दणकट अॅक्सल आणला. रुंदी कापून जुळवली, पाटे अडकवायचे ब्रॅकेट वेल्डिंग करून बसवले, काळा रंग मारला. मदतीला कुणाला बोलवणं तिच्या जिवावर आलं. डाव्या बाजूला दुसरं कोणी बसलेलं तिला बघवलं नसतं.

पहिल्या दिवशी जुना अॅक्सल सोडवायला घेतला. डावीकडचे नट गंजून दगड झाले होते. ते तापवून काढू म्हणून ती जेवायला वर गेली. परत आली तर चारही नट फडक्यावर ओळीने मांडलेले. आटे वरच्या बाजूला, जसे वडील ठेवायचे तसे.

'मीच काढले असतील,' ती स्वतःशी म्हणाली. दमलेल्या माणसाचं डोकं काय, कुठेही जातं.

दुसऱ्या दिवशी नव्या अॅक्सलच्या डाव्या टोकाला ब्रेकचे पाइप जोडलेले दिसले. तिसऱ्या दिवशी मात्र तिने परीक्षाच घेतली. त्याच टोकाच्या बोल्टवर पांढऱ्या रंगाच्या रेघा ओढल्या, शटरला कुलूप लावलं आणि किल्ली मुठीत धरून जेवायला बसली.

"बाबा काय करतायत?" तिने विचारलं.

"झोपलेत." आईने आवाज खाली आणला. "पण रोज याच वेळेला त्यांचा उजवा हात हलतो गं. मनगट असं फिरतं. काहीतरी आवळत असल्यासारखं."

थोरलीचा घास हातातच राहिला. ती आत गेली. वडील गाढ झोपले होते. उजवा हात चादरीवर निपचित होता. तिने तो उचलून नाकाशी नेला. हाताला गिअर ऑइलचा वास येत होता.

खाली आली. कुलूप जसंच्या तसं होतं. पांढऱ्या रेघा पाव फेऱ्याने पुढे सरकल्या होत्या.

तिला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. कित्येक महिन्यांनी तिने काम करता करता शीळ घातली.

शेवटचं काम सगळ्यात जड. अॅक्सल जॅकवर मधोमध तोलून वर न्यायचा आणि दोन्हीकडचे स्प्रिंगचे पाटे एकाच वेळी बसवायचे. दुपारचं ऊन शटरखालून आत आलं होतं. ती उजवीकडून गाडीखाली उताणी सरकली. अॅक्सल छातीच्या वर वीतभर. नट बोटांत.

जॅकने सुस्कारा टाकल्यासारखा आवाज केला.

तेल पायावर उडालं. अॅक्सल खाली येऊ लागला.

"बाबा, धरा!"

अॅक्सल थांबला.

मग बोटभर वर गेला. पाट्याची खुंटी भोकात खट्कन बसली. क्षणभराने डावीकडूनही तसाच आवाज आला, खट्.

तिने नट आवळले. बाहेर सरकली. जॅक जमिनीला टेकून तेलाच्या थारोळ्यात पडला होता. डावीकडचे चारही नट घट्ट होते.

वरून आईची हाक आली. "थोरले! अगं लवकर ये, बाबा बोलले! 'बसलं' म्हणाले!"

शर्यतीच्या दिवशी झेंडा पडला आणि लाल गाडी चढावर अशी सुटली की बघणारे बघतच राहिले. अॅक्सलने हूं की चूं केलं नाही. तिचा तिसरा नंबर आला. खुर्चीत बसवून आणलेल्या वडिलांनी उजव्या हाताने टाळी वाजवायचा प्रयत्न केला. व्यायामवाल्या बाईच्याही डोळ्यांत पाणी आलं.

त्यानंतर ते दिवसागणिक सुधारत गेले. आधी शब्द आले, मग काठी धरून चार पावलं. एका सकाळी ते एकेक पायरी करत गॅरेजात उतरले. थोरलीने स्टूल पुढे केलं. बराच वेळ ते गाडीखाली बघत राहिले.

"त्या दिवशी," ते एकेक शब्द जोडत म्हणाले, "तू उजवीकडे होतीस. मी डावीकडे."

"हो बाबा." तिला हुंदका आवरेना. "मला माहीत होतं."

त्यांनी मान हलवली, पण कपाळावरची आठी काही गेली नाही.

"मग आपल्या दोघांच्या मधे उताणं पडून, सगळं वजन छातीवर तोलून धरलं होतं, तो कोण गं?"