गुलाबजलाचे तीन आठवडे

चिखलीच्या कापसाच्या जिनिंगमध्ये शेखर प्रत पारखणारा ग्रेडर म्हणून रुजू झाला, आणि पहिल्याच सकाळी त्याने वजनकाट्यावरच्या सुचिताच्या केसांत अडकलेला कापूस उचलला. चिमटीत धरून ओढून पाहिला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला,

“धागा लांब हाये. ओलावा कमी. पण... भाव कोण ठरवते?”

“इथं फक्त वजन होते,” सुचिताने पावती फाडत सुनावलं. खिडकी लावून घेतल्यावर मात्र तिला हसू आवरेना.

मग रोज काहीतरी निमित्त निघू लागलं. कधी पेन, कधी चहा, कधी नुसतंच डोकावणं. प्रेमात पडलेल्या माणसाला बिनकामाची किती कामं सुचतात!

दिवाळीनंतर तिचे डोळे लाल झाले. जिनिंगमध्ये हे कोणी मनावर घेत नाही. हंगामात अर्धी माणसं तशीच फिरतात. धूळ गेली म्हणायचं, गुलाबजल टाकायचं आणि कामाला लागायचं. शेखरने लगेच बाटली आणली.

“मान वर कर.”

“राहू दे, मीच टाकीन.”

“मंग म्या आणलं काऊन?”

त्याची बोटं तिच्या कपाळावर टेकली. थंड थेंब पडला... डोळा चुरचुरला, तरी तिने मान खाली केली नाही. त्या बोटांसाठी ती रोज मान वर करू लागली. उजेड टोचायचा, अंगात कणकण असायची, भाकरी नकोशी झाली होती, कपडे सैल पडले होते. तिने कोणालाच सांगितलं नाही. वेड्या पोरीला ते तीन आठवडे सुखाचे वाटले.

मग एके दिवशी काट्याचे आकडेच दिसेनात. संभाजीनगरच्या डॉक्टरीणबाईंनी डोळे तपासले आणि विचारलं, ताप येतो का? वजन किती उतरलं? लगेच रक्त-लघवी तपासायला पाठवलं. डोळ्यांसारखीच मूत्रपिंडांनाही सूज होती. दुखणं एकच, फार क्वचित होणारं, त्या म्हणाल्या. धुळीचा काही संबंध नव्हता. औषधांनी मूत्रपिंडं सावरली, उजवा डोळा वाचला. डाव्याला उशीर झाला होता, त्याची नजर गेली.

होळीच्या आधी शेखर तिच्या घरी आला. सुचिताची आई चहा टाकायला आत गेली.

“पुढच्या हप्त्यात आईले पाठवतो. तुले मागणी घालाले.”

सुचिताला हेच तर ऐकायचं होतं! पण तो तिच्याकडे पाहतच नव्हता. पाहत होता फक्त डाव्या डोळ्याकडे.

“खरं सांगशीन? लग्नासाठी आला, का गुलाबजलासाठी?”



“दोन्हीसाठी,” तो म्हणाला. “पहिल्याच दिवशी डॉक्टरकडं नेलं असतं, तर...”

“कणकण होती, ते म्याच नाई सांगतलं तुले. तुही बोटं कपाळावर लागावी म्हणून...”

“मंग?”

“मंग रोज सकाळी तू हा डोळा पाहशीन अन् कान धरशीन. मी रोज माफ करत बसू? असा संसार नाई होत रे.”

“अन् मी ते गुलाबजल विसरलो तर?”

“तर ये.”

तो चहा न घेताच उठला. खरं सांग, असं तीच म्हणाली होती. पण तो उंबरा ओलांडत असताना सुचिताला रडू फुटलं. ‘फक्त लग्नासाठी’ एवढं खोटं तो बोलला असता, तर तिने ते जन्मभर खरं मानलं असतं.