दफनभूमीच्या वाटेवरचा खासदार

उब्बो हार्म्स मरून दीड वर्ष झालं होतं, आणि तो पुन्हा निवडणुकीला उभा होता.

निदान ओल्डरमूर गावात तरी तसंच दिसत होतं. दफनभूमीच्या फाटकापासून गावाकडे येणाऱ्या वाटेवर, खांबाखांबावरच्या पोस्टरांतून, धुक्यातून त्याचाच चेहरा बघत होता. हिन्नर्कच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"मेला तरी मतदारसंघ सुटत नाही बाबाला," तो पुटपुटला.

"गप रे," टोमा म्हणाली. टोमा ब्रुन्स खासगी गुप्तहेर. हिन्नर्क तिचा धाकटा भाऊ. गाडी चालवायचा आणि सगळ्यात शेवटी उमगायचं ते त्याला.

त्यांना बोलावलं होतं वीबके आहलर्सने. हार्म्सच्याच पक्षाची ही नवी उमेदवार. बिचारी रडकुंडीला आली होती.

"सात वेळा जिंकले ते इथून. मतदारसंघाच्या सीमा तीनदा हलल्या, हार्म्स हलले नाहीत. आता रविवारी मतदान, आणि लोक म्हणतात, मी त्यांना पसंत नाही, म्हणून ते थडग्यातून उठून घरी चालत येतात! बेकरीवालीने तर धुक्यात कुणीतरी त्यांच्याशी बोलताना ऐकलंय. ही जागा गेली ना टोमाबाई, तर भुताने पाडलं म्हणतील मला. दुपारी आमची माणसं सगळी पोस्टरं उतरवतील. पण लावतंय कोण? त्या पोपिंगाशिवाय दुसरं कोण असणार!"

आयलर्ट पोपिंगा म्हणजे हार्म्सकडून सातही वेळा हरलेला विरोधक.

टोमाने पोस्टरवरून बोट फिरवलं. कागद पावसाने डागाळलेला, कोपरे फाटलेले आणि तपकिरी चिकटपट्टीने जोडलेले.

"हिन्नर्क, पलीकडे जाऊन बघ."

"इकडून कोरा पुठ्ठा आहे. दफनभूमीकडे जाताना दिसणारच नाही."

"आणि उंची?"

"माझ्या छातीइतकी."

"आम्ही शिडीने वर बांधतो," वीबके म्हणाली. "पाठीला पाठ लावून दोन. खाली लावलं तर कुणीही ओरबाडतं."

पक्षाच्या गोदामात फोको होता. हार्म्सची पोस्टरं लावण्यात त्याची हयात गेली होती. त्याने फडताळ उघडून दाखवलं. "उरलेले गठ्ठे हे बघा, दोरीसुद्धा सुटलेली नाही. आणि आम्ही उतरवताना खांबाला बांधलेली प्लास्टिकची पट्टी कापतो हो. कोपऱ्याला धक्का लागेल तर शपथ!"

वाट जिथे संपत होती, तिथेच हार्म्सचं घर. त्याची बायको गेशे हिने चहा ओतला. एक कप जास्तीचा.

"उब्बो बाहेर उभाय," ती म्हणाली. हिन्नर्कने खिडकीतून बाहेर पाहिलं. "दफनभूमीतल्या चर्चची बाराची घंटा झाली की तिच्या आवाजाने मी त्याच्याकडे जाते. परत आणून सोडतो तोच. पुढे जाऊन उभा राहतो, मी पोचले की आणखी पुढे. जिवंतपणी बर्लिनच्या संसदेतून वेळच नव्हता मेल्याला. आता सुधारलाय."

बाहेर आल्यावर वीबके हळूच म्हणाली, "डोकं चालत नाही त्यांचं. शरद ऋतूत कालव्याच्या लव्हाळ्यात सापडल्या. पुन्हा हरवल्या तर थेट शहरातल्या वृद्धाश्रमात, असं त्यांच्या मुलाने बजावलंय."

पोपिंगाच्या स्वयंपाकघरात पोचले तेव्हा बाराची घंटा होऊन बराच वेळ झाला होता.

"मी? त्याचं थोबाड लावीन मी?" म्हातारा उसळला.

"मेलेला माणूस घरी चालत येत नाही," टोमा शांतपणे म्हणाली. "जिवंत बाई येते. पोस्टरं मतदारांसाठी नाहीतच, म्हणून पाठ कोरी. ती फक्त घरी परतणाऱ्याला दिसतात. जाताना तिला घंटा असते, येताना काहीच नसतं. म्हणून तिच्या नजरेला येतील इतकी खाली. बेकरीवालीने ऐकलं ते गेशेबाईंचं बोलणं."

"पण मग फोको का नाही?" हिन्नर्कने विचारलं.

"फोकोकडे नवीकोरी पडून आहेत. ही पावसात भिजलेली, खांबावरून ओरबाडलेली. हार्म्सची फाटकी पोस्टरं इतकी वर्षं कुणाकडे असणार? ज्याने ती चोरून फाडली त्याच्याकडे. खरं ना, पोपिंगाकाका?"

म्हातारा खाली बसला. "सात निवडणुका फाडली. मग बाईला लव्हाळ्यातून मीच बाहेर काढलं. मला ओळखेना. 'उब्बो कुठाय' एवढंच म्हणत होती. घरी आलो आणि गॅरेज उघडलं." त्याने तोंडावरून हात फिरवला. "आता ती वाटेतच असेल. पोस्टरं आहेत ना जागेवर?"

वीबकेचा चेहरा पांढरा पडला. तिने फोन लावला. "कुठवर आलात?... कालव्यापर्यंत सगळी काढली? अरे देवा! परत लावा. मतदान गेलं खड्ड्यात, आधी ती लावा!"

पोपिंगाने दारामागचं शेवटचं पोस्टर उचललं आणि तो धावत सुटला. सत्तरीपारचा माणूस, पण हिन्नर्कला गाठता येईना.

कालव्याच्या वळणावर खांब उघडे होते. वर उंचावर पोस्टरमधला वीबकेचा हसरा चेहरा तेवढा होता. गेशे लव्हाळ्याच्या काठावर उभी होती, एक बूट चिखलात.

"उब्बो?" ती धुक्याला विचारत होती. "उब्बो?"

बांधायला तार नव्हती. पोपिंगा वाटेच्या मधोमध उभा राहिला आणि त्याने हार्म्सचा चेहरा स्वतःच्या चेहऱ्यापुढे धरला.

गेशेने चिखलातून पाय ओढून काढला. "किती वेळ लावलास रे!"

पोस्टर थरथरलं. मागून आवाज यायला जरा उशीर झाला.

"सभा लांबली गं," पोपिंगा म्हणाला. "चल घरी."