शेपटी तेवढी उरली

शनिवारी दुपारी ऊर्मिला डिटेक्टिव्ह सुनेत्रा प्रधानांच्या ऑफिसात आली ती रडवेली होऊनच. स्टुटगार्टमधल्या तिच्या भाड्याच्या घरात घरमालकीण फ्राऊ हेगेलेंनी वडिलांची आठवण म्हणून ठेवलेलं एक जुनं फ्रेंच चित्र होतं. आई लेकराला न्हाऊ घालतेय आणि खाली शेपटी ताठ करून काळं मांजर बसलंय. सकाळी पाहिलं तर मांजर गायब. चारला फ्राऊ हेगेले कॉफीला यायच्या होत्या, आणि असं घर पुन्हा मिळणं कठीण होतं.

"म्हणजे चित्र आहे आणि मांजर गेलं?" पुष्करने दोनदा विचारलं. तो सुनेत्राचा धाकटा दीर. शनिवारी वहिनीची गाडी चालवायचा, आणि शोध आपणच लावतो असं मनात धरून असायचा.

ऊर्मिलाच्या घरी चित्र सोफ्याच्या वर होतं. खालचा भाग लख्ख, वरचा पिवळट. मांजराच्या जागी एक पांढरं भांडं दिसत होतं आणि बऱ्याच वर, नुसत्या हवेत, काळ्या शेपटीचं टोक.

"सुपाचं भांडं," पुष्कर म्हणाला.

ऊर्मिलाचा संशय मल्हारवर होता. नवऱ्याचा हा मित्र लुडविग्सहाफेनला केमिस्ट, कालच मुक्कामाला आलेला, आणि त्याच्या बॅगेत रंग काढायच्या द्रावणाची बाटली. मल्हारने बाटली दाखवली. सील शाबूत होतं, पण पुष्करला सील ही क्षुल्लक बाब वाटली.

ऊर्मिलाच्या सहा फुटी नवऱ्याने, गौरांगने सरळ सांगितलं, की चित्र त्याला पहिल्यापासून आवडत नाही, पण त्यासाठी मांजर मारायचं कारण नाही.

गौरांगची आई शोभनाकाकू पुण्याहून आलेल्या. जिना झाडायची घराची पाळी, म्हणजे केहरवोख, त्यांनी अशी उचलली होती की शेजारी आता बूट हातात घेऊन जिना चढत. आपण चित्राकडे बघतसुद्धा नाही, असं त्या म्हणाल्या. मग पुष्करला फळीवरचा शंकरपाळ्यांचा डबा काढून द्यायला सांगितलं. खांदा आखडल्यामुळे त्यांचा हात वर जात नव्हता. पुष्करने मूठभर शंकरपाळे खाल्ले आणि मल्हारच गुन्हेगार असं ठरवून टाकलं.

सुनेत्राने सगळ्यांना चित्रासमोर बसवलं. बोट पाण्यात बुडवून शेपटीच्या टोकाला लावलं. बोट काळं झालं.

"मांजर जलरंगातलं आहे, तैलचित्रावर नंतर कुणीतरी काढलेलं. मल्हारचं द्रावण लागलं असतं तर खालचं भांडंही गेलं असतं. गौरांग किंवा मल्हारने पुसलं असतं तर शेपटी राहिली नसती. दोघांचा हात छताला लागतो. ज्याने पुसलं, त्याला स्वच्छतेची आवड आहे आणि त्याचा हात एवढाच वर जातो. काकू, ओलं फडकं होतं ना?"

शोभनाकाकूंनी पदर सारखा केला. "धूळ पुसत होते. मांजराचा एक पाय गेला. मग म्हटलं, लंगडं मांजर बरं दिसत नाही." पुढे त्या म्हणाल्या, "ऊर्मिला मला काही बोलली नसती गं. म्हणूनच सांगवेना."

ऊर्मिला त्यांच्या शेजारी जाऊन बसली. तेवढ्यात बेल वाजली.

फ्राऊ हेगेले चित्रासमोर उभ्या राहिल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. पाद्री जेवायला येणार म्हणून आईने त्यांच्या लहानपणी त्यांच्याकडूनच शाळेच्या रंगांनी ते मांजर काढून घेतलं होतं. वडिलांना शेवटपर्यंत ते मूळचंच वाटलं. भांडं सुपाचं नव्हतं. लेकराला शू करायला बसवायचं होतं. पुष्करने हातातला शंकरपाळा खाली ठेवला.

ऊर्मिलाने हे मराठीत सांगताच शोभनाकाकू ताडकन उठल्या. "अगं बाई. मंगळवारी माझं हळदीकुंकू आहे. त्यांना म्हणावं, झाका ते."

फ्राऊ हेगेलेंना दुभाष्याची गरज पडली नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून रंगपेटी आली. थरथरत्या हाताने त्यांनी बराच वेळ रंगवलं. पाय जाड झाले, तोंड लांबलं, कान लोंबले.

शोभनाकाकूंनी मान तिरकी करून पाहिलं.

"चालेल," त्या म्हणाल्या, "कुत्राही चालेल."