कीबोर्डला माती

ही गोष्ट खरी आहे. घरचे म्हणतात, आजी तिखटमीठ लावून सांगते. ह्या गोष्टीत मीठ आहे, पण ते मी घातलेलं नाही. ते जमिनीतच होतं.

कळेल पुढे.

अठ्ठावीस वर्षं मी केरळात, पालाईला काढली. बेबिच्चन आमचा भिंतीला भिंत लागून शेजारी. रेडिओ, माइक, स्पीकर दुरुस्त करायचा. भुताचं नाव काढलं की फिदीफिदी हसायचा.

आता हसत नाही.

मार्चमधला शनिवार. दुपारचे तीन. नदीकाठचं आमचं चर्च. बाहेर रबराच्या झाडाचं पानही हलत नव्हतं.

औसेप्प मास्तर जाऊन चाळीस दिवस झाले होते. वीस वर्षं त्यांनी तिथं कीबोर्ड वाजवला. त्यांची मुलगी जिन्सी कुवेतला नर्स. तिला रजा मिळाली नाही. बापाला मूठभर माती द्यायलासुद्धा पोचली नाही बिचारी. आता आली होती, पण कबरीकडे पाऊल वळत नव्हतं. उद्या एक्केचाळिसाव्याची प्रार्थना. चाच्चनच्याच, म्हणजे बापाच्याच, कीबोर्डवर वाजवायचं, एवढंच तिच्या हातात उरलं होतं.

पण कीबोर्ड लावला की स्पीकरमधून...

म्म्म्म्म...

खरखर नव्हे. तोंड मिटून कुणी गुणगुणावं, तसं.

अच्चननी, म्हणजे पाद्रीबाबांनी, बजावलं होतं, "संध्याकाळपर्यंत हे थांबलं नाही तर कीबोर्ड बाहेर. नुसतंच गाऊ."

दुरुस्तीला बोलावलेल्या बेबिच्चननं हेडफोन लावून पाहिला. आवाज स्वच्छ. म्हणजे कीबोर्डात खोट नाही. मग वायर बदलली.

म्म्म्म...

अडॅप्टर काढून सेल घातले. स्पीकर बदलला.

म्म्म्म...

चर्चची झाडलोट बघणारा वर्की दारात उभा राहून मजा बघत होता. "बेबिच्चा, माझा रेडिओ दोन वर्षं तुझ्याकडे मुक्कामाला आहे. ह्यालाही घेऊन जा सोबतीला."

"तुझ्या रेडिओत झुरळांनी संसार मांडलाय, वर्कीचेट्टा. पोरं शाळेत जायला लागली त्यांची."

जिन्सी हसली नाही. हळूच म्हणाली, "चेट्टायी, चाच्चन गाण्याआधी सूर द्यायचे ना... अस्संच गुणगुणायचे."

बेबिच्चननं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. वायरीच्या पिनेचं धातूचं टोक दोन बोटांत धरलं.

गुणगुण थांबली.

बोटं काढली.

म्म्म्म...

पुन्हा धरलं. शांत.

"सापडलं!" तो म्हणाला. "माणसाचा हात लागला की थांबतंय. म्हणजे अर्थिंग तुटलंय. ह्याला माती मिळत नाहीये, मोळे, पोरी."

जिन्सीचा चेहरा पांढराफटक पडला.

"काय मिळत नाहीये?"

"माती गं. वायर शेवटी मातीतच जाते ना. वर्कीचेट्टा, अर्थिंगचा खड्डा कुठे?"

"मीठ-कोळसा भरलेला? मागं खाली, कबरस्तानात. उन्हाळ्यात मास्तर रोज बादलीभर पाणी ओतायचे त्यात. आम्ही हसायचो, काय उगवणार मास्तर, बटाटे?" वर्कीचा आवाज उतरला. "त्याला लागूनच त्यांची कबर खणली."

बेबिच्चननं पिन सोडून दिली.

"खड्डा सुकला असेल," बेबिच्चन म्हणाला. "बादलीभर पाणी ओतलं की झालं."

जिन्सीनं बादली उचलली. "मी जाते."

वर्की वाट दाखवायला गेला. चर्चमध्ये बेबिच्चन एकटा. हात कीबोर्डपासून लांब, मांडीवर. कान स्पीकरकडे.

म्म्म्म्म...

एक मिनिट गेलं. दोन...

आणि गुणगुण थांबली.

हळूहळू नाही. गाणाऱ्यानं श्वास घ्यायला थांबावं, तशी.

बेबिच्चन खिडकीशी धावला. "बस्स, मोळे! पाणी पोचलं!"

खाली जिन्सी कबरीपाशी गुडघ्यांवर बसली होती. तिनं वर पाहिलं. गाल ओले.

"कसलं पाणी, चेट्टायी?"

बादली तिच्या शेजारीच होती. काठोकाठ भरलेली.

तिच्या हाताला फक्त माती लागली होती.

बेबिच्चन खाली गेला. भिंतीवरून उतरणाऱ्या हिरव्या वायरीचा माग काढत गेला. कबर खणताना तिच्यावर फावडं बसलं होतं. वायर तुटलेली. टोक वीतभर वर, हवेत लोंबकळत होतं. मातीला, पाण्याला, कशालाच लागत नव्हतं.

तो परत वर आला.

स्पीकर चालू. दिवा लागलेला. आवाज मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी जिन्सीनं वाजवलं. अख्खं चर्च रडलं. अच्चनसुद्धा नाक पुसत होते. सोमवारी ती कुवेतला परत गेली, हलकी होऊन. मला तर वाटलं, संपलं. बापाला लेकीची माती मिळाली, जीव निवला.

पण बेबिच्चनचं समाधान होईना. ती वायर त्यानं अजून जोडलेली नाही. वर्कीला कळेना, जोडत का नाही? एका संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून त्यानं मला सांगितलं.

"अम्मच्ची, वायर अजून तुटलेलीच आहे. म्हणजे गुणगुण यायलाच हवी. ती एकाच गोष्टीनं थांबते..."

"कशानं रे?"

त्यानं आपली दोन बोटं वर धरली. चिमटीसारखी.

"त्या दिवशी कबरीपासून परत वर गेल्यावर मी ती पिन चाचपली होती."

"मग?"

"गरम होती, अम्मच्ची. आणि ओलसर. घाम आलेल्या हातात कुणी तिला धरून बसलं असावं, तशी."

आठ वर्षं झाली. दर रविवारी तो कीबोर्ड वाजतो. आवाज अगदी स्वच्छ येतो.

पालाईला होते तोवर मी मागच्या बाकावर बसायचे. त्या स्वच्छ आवाजाचीच मला धास्ती वाटायची.