गाडी थांबली की...

ही गोष्ट खरी आहे. ज्याला खोटी वाटते, त्याने ऑगस्टच्या दुपारी स्पेनमधल्या लेइदाच्या कत्तलखान्याबाहेर उन्हात उभं राहावं. मग बोलावं.

डुकराला घाम येत नाही. ते धापा टाकूनच अंगातली उष्णता बाहेर काढतं. गाडी धावते तोवर जाळीतून वारा येतो. गाडी थांबली, की वारा संपला.

हे माझ्या दादाला, होर्दीला, ठाऊक होतं. फाटकावरच्या बेर्नातलाही होतं.

गेल्या ऑगस्टमध्ये दादा डुकरांनी भरलेली गाडी घेऊन पोचला. फाटक जेवणासाठी बंद.

"बेर्नात, निदान चौकाला चकरा मारू दे. आत वारा खेळेल."

"रांग सोडलीस की नंबर गेला."

"अरे, मरतील ती!"

"मग काय लग्नाला आणलीयेस?" पाव चावत तो आत गेला.

तो परत आला, तेव्हा गाडीच्या वरच्या मजल्यावर आवाजच नव्हता...

ठपका कुणावर? ड्रायव्हरवर! दादाची नोकरी गेली. हिवाळ्यात, धाप लागून, दादाही गेला.

आता ती गाडी मी चालवते.

या ऑगस्टमध्ये डुकरं उतरवली, गाडी धुतली, निघाले. फाटक पुन्हा जेवणासाठी बंद. मी इंजिन बंद केलं.

मागून... धाप.

एक नाही. शेकडो.

आरशात पाहिलं. गाडी मागून खाली बसली होती... भरल्यासारखी.

"ए नुरिया!" बेर्नात ओरडत आला. "भरली गाडी इथे कशाला लावलीस?"

"रिकामी आहे. बघ की."

त्याने जाळीला हात लावून आत डोकावलं. ओली फरशी. बाकी काही नाही.

झटकन हात मागे घेतला. तळहातावर... गरम फेस होता.

"फाटक उघड," मी म्हणाले. "गाडी हलू दे. बाहेरच्यांनाही हलू दे."

बाहेर उन्हात भरलेल्या गाड्या उभ्या होत्या. बेर्नातने त्यांच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. वाटलं, आता तरी...

त्याने हात पँटला पुसला.

"जेवण झाल्यावर," म्हणाला.

माझ्या पाठीमागच्या धापा एकेक करून थांबत गेल्या. मी ऐकत बसले.

आता मी रांगेत उभी राहत नाही. चौकाला चकरा मारते. नंबर जातो, शिव्या बसतात. पण माझी डुकरं जिवंत पोचतात.

फक्त रिकामी गाडी घराच्या दारात लावली, की मागे पुन्हा सुरू होतं...

त्यात एक धाप माणसाची आहे.

ती मी ओळखते.