मागच्या डाव्या सीटचं वजन

ही गोष्ट खरी आहे. माझ्यासमोर घडलेली आहे.

आधीच सांगते, इथं पांढरी साडी नाही, पिंपळ नाही, बाराचे ठोके नाहीत. रविवार होता, दुपारचे चार वाजले होते आणि जागा होती महागड्या गाड्यांचं एक शोरूम. लख्ख काचा, चकचकीत फरशी, फुकटची कॉफी. ज्यांना भुतं फक्त अंधारातच लागतात त्यांनी इथूनच मागं फिरावं.

मी भौतिकशास्त्रात एमएस्सी केलंय. या पेजवरच्या निम्म्या गोष्टी वाचून मला हसू येतं. उरलेल्या निम्म्या वाचवतच नाहीत.

तरी लिहितेय.

माझ्या मामाला मोठी गाडी घ्यायची होती. कारण विचारलं की सांगायचा, मामीची पाठ. मामीच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. आठवड्यातून दोनदा तिला व्यायामासाठी न्यावं लागायचं आणि जुन्या गाडीत प्रत्येक खड्ड्याला ती ओठ चावायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, मणक्यावर आता जराही भार पडता कामा नये. पुन्हा बिघडलं तर दुसरं ऑपरेशन जमणार नाही.

हे झालं सांगायचं कारण. खरं कारण म्हणजे शेजाऱ्यानं घेतलेली नवी गाडी.

मामाला इंजिनातलं एवढंच कळतं की ते बॉनेटखाली असतं. पण बोलायला लागला की थांबत नाही.

"त्यानं चार सिलिंडरची घेतलीय. चार. बॉनेट उघडलं तर आत शिवणयंत्र निघेल."

एकाच मॉडेलमध्ये तीन इंजिनं मिळत होती. लहान पेट्रोल, सहा सिलिंडरचं मोठं पेट्रोल आणि डिझेल. तिन्ही चालवून बघायची होती. आकडेमोड येणारी घरात मी एकटी, म्हणून मामानं मला सोबत घेतलं.

"काय शास्त्रज्ञ बाई, लावा तुमची यंत्रं."

माझं यंत्र म्हणजे माझा फोन. तो मागच्या दोन सीटांमधल्या हातटेकणीवर चिकटवायचा. गाडी किती झपाट्यानं वेग पकडते आणि किती हादरते, दोन्ही तो नोंदवतो. शोरूमच्या मागं एक सरळ, रिकामा रस्ता होता. प्रत्येक गाडीच्या दोन फेऱ्या करायच्या, जाऊन-येऊन. पहिली मामीसकट, दुसरी मामीला उतरवून. माणूस वाढलं की कुठलं इंजिन किती दमतं, ते त्यातून कळतं.

उलटही काढता येतं. इंजिन किती दमलं, यावरून गाडीत वजन किती होतं ते.

मामा चालवणार, शेजारी सेल्समन, मागं उजवीकडे मी, डावीकडे मामी. जागा ठरलेल्या.

सेल्समन अखंड बोलत होता. टॉर्क हा त्याच्या घरातला कर्ता पुरुष असावा असं त्याचं कौतुक चाललं होतं. टॉर्क आणि पॉवरमध्ये फरक काय, असं मी विचारलं. त्यानं मला कॉफी घेणार का विचारलं.

लहान पेट्रोलमध्ये, मामी उतरल्यावर वजनात फरक निघाला सत्तावन्न किलो. मोठ्या पेट्रोलमध्ये साठ. आदल्याच दिवशी दवाखान्यात मामीचं वजन केलं होतं, अठ्ठावन्न.

मी स्वतःवर फारच खूश होते.

मग डिझेलची गाडी आली.

सेल्समन दारापाशी घुटमळला.

"मॅडमना या गाडीत पुढं बसवू या का?" त्यानं मामाला विचारलं. "मी दुसऱ्या गाडीनं मागोमाग येतो."

"का?" मी म्हणाले.

"नाही, तशी काही अडचण नाही. ती डावी सीट जरा..."

"मोडलीय?"

"नाही."

"मग जागा बदलायच्या नाहीत. बाकी सगळं तेच ठेवलं नाही तर तुलना काय डोंबलाची करायची?"

मामानं माझी री ओढली. "अहो, मालकिणीची सीट आहे ती. पाय पसरायची सोय तिथंच. पुढं बसवून काय करायचंय तिला, गिअर मोजायचेत?"

मामी हळूच म्हणाली, "मी बसते की पुढं. मला काय."

"मामी, दोन मिनिटांचं काम आहे," मी म्हणाले.

हे वाक्य माझं आहे. ते मामाच्या किंवा सेल्समनच्या नावावर खपवता येत नाही, नाहीतर केव्हाच खपवलं असतं.

मामी मागं, डावीकडे बसली.

गाडी सुरू झाली आणि सेल्समन बोलायचा थांबला. तासाभरात पहिल्यांदा. त्याची नजर समोरच्या काचेवर... मानही वळत नव्हती.

आत फारच शांत होतं. डिझेलची घरघरसुद्धा लांबच्या खोलीतून यावी तशी.

आणि मग...

टक्.

सीटबेल्ट लावल्याचा आवाज. डावीकडून.

मी पाहिलं. मामीचा पट्टा मघाशीच लावलेला होता. माझाही. पुढच्या दोघांचेही.

मामा गाडी दामटत होता. "याला पिकअपच नाही. म्हैस आहे नुसती."

मामी सरकली. माझ्या दिशेनं. थोडीथोडकी नाही, पार हातटेकणीला चिकटेपर्यंत. दाराकडची अर्धी सीट रिकामी राहिली.

"मामी, सरकू नको, फोन हलतोय."

"जागा करतेय."

"कुणाला?"

मामीनं माझ्याकडे पाहिलं. पाहुण्यांसमोर पोरीनं काहीतरी उद्धट विचारावं आणि आईनं डोळे मोठे करावेत, तसं.

"हळू बोल," ती म्हणाली.

मी फोन सरळ केला. मला आकडे हवे होते.

फेरी संपली. मामी एक हात पाठीवर ठेवून उतरली. पण दार लावलं नाही तिनं. धरून उभी राहिली... आपल्या मागून कुणी उतरायचं असलं की धरतो ना आपण, तशी. चार-पाच सेकंद. मग थोडी बाजूला झाली आणि दार लावलं.

दुसरी फेरी मामीशिवाय. गाडी सुसाट सुटली.

"आत्ता झोप उडाली बघ हिची," मामा म्हणाला.

सेल्समन हसला. अर्ध्या रस्त्यात त्याचा टॉर्कही परत आला.

मी शोरूमच्या सोफ्यावर बसून गणित केलं. दोन फेऱ्यांमधला वजनाचा फरक...

एकशे सहा.

तीनदा केलं. इंजिन थंड होतं म्हणावं तर ते आधीच तापवून ठेवलं होतं. वारा म्हणावा तर प्रत्येक फेरी जाऊन-येऊन होती. आणि पाच मिनिटांत कुठलीच गाडी इतकं डिझेल पीत नाही.

एकशे सहातून मामीचे अठ्ठावन्न गेले. उरले अठ्ठेचाळीस.

मामीबरोबर आणखी अठ्ठेचाळीस किलो त्या गाडीतून उतरले होते.

मी बाहेर धावले. सेल्समन त्याच गाडीत, त्याच डाव्या सीटवर आरामात टेकून बसला होता. फडक्यानं दाराची कड पुसत होता.

"तुम्हाला तर इथं बसायचं नव्हतं."

"आता काही नाही, मॅडम." त्याचा चेहरा ताप उतरलेल्या माणसासारखा दिसत होता. "आता ही गाडी एकदम छान आहे."

"इथं काय होतं?"

"मला काय माहीत? मी सांगत होतो ना, मॅडमना पुढं बसवा म्हणून." आणि तो पुन्हा पुसायला लागला. एवढं निर्लज्ज समाधान मी आजवर कुणाच्या तोंडावर पाहिलेलं नाही.

मामानं सहा सिलिंडरची घेतली. घेणारच होता. माझे आकडे त्यानं बघितलेसुद्धा नाहीत. एकशे सहाचं सांगितलं तेव्हा म्हणाला, "यासाठी शिकवलं का तुला?"

याला तीन महिने झाले. आता मामीला व्यायामाला मीच नेते. हौस म्हणून नव्हे, मला दुसरं काही करवत नाही म्हणून.

परवा तिथल्या डॉक्टरांनी नवा एक्स-रे फोटो जुन्याशेजारी लावला. मणक्यांमधली फट कमी झाली होती. प्रत्येक फोटोत थोडी थोडी कमी.

"घरात कुणाला उचलावं लागतं का? आजारी माणूस, लहान मूल?"

"नाही हो," मामी म्हणाली.

"मग हे कसं? रोज ओझं वाहणाऱ्यांचं असं होतं."

मामी पाठीला हात लावत उठली.

बाहेर बाकड्यावर ती जपून बसली. कडेला. शेजारची जागा सोडून.

"तुझ्या मोबाइलमध्ये किती आलं होतं गं तेव्हा?" तिनं विचारलं.

मला वाटलं होतं, तिला काहीच ठाऊक नाही.

"अठ्ठेचाळीस."

तिनं जरा विचार केला. बाजारात पिशवी हातात तोलून बघतात तसा.

"आता जास्त आहे."

मला जे कळतं ते एवढंच. ते शेजारी येऊन बसणाऱ्याला धरतं. तो उठला की त्याच्याबरोबर उठतं, आणि आधीची जागा किंवा आधीचं माणूस मोकळं होतं. सेल्समन त्याच्या आयुष्यात एवढी एकच गोष्ट बरोबर शिकला होता. प्रयोग अगदी साधा आहे: मी शेजारी बसायचं, मग उठायचं. माझी पाठ चांगली आहे, वय चोवीस आहे. मामीच्या मणक्यात फार जागा उरलेली नाही.

मामीनं बाकड्यावरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"दमली असशील. बसतेस का जरा?"

तिनं काय हेतूनं विचारलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. ती कुणाचं वाईट चिंतणारी बाई नाही.

"नको," मी म्हणाले. "गाडी काढते."

तिनं पुन्हा विचारलं नाही.

मी किल्ली घेऊन जिन्याकडे चालायला लागले. मागून मामीच्या चपलांचा आवाज येत होता... एक पाऊल, मग मोठा खंड, मग दुसरं. मी मागं वळून तिला हात द्यायला हवा होता.

मी चालतच राहिले.