रेकॉर्डमधलं हसू

दूध केंद्राच्या खिडकीत आधी गिटारचा दांडा दिसला, मग मोठ्ठी टोपी, आणि मग टोपीखालचा तरुण.

“एक बाटली. थंड.”

“दुधाचं कार्ड?” अँजेलिनाने विचारलं.

“कार्ड कुठलं... मी कुर्ल्याचा, मार्कस. आज अंधेरीला माझ्या गाण्याचं रेकॉर्डिंग आहे. घसा सुकलाय.”

“गाण्याआधी थंड दूध? मग रेकॉर्डवर गाणार कोण— म्हैस?”

आणि ती हसली. खळाळून, शेवटी नाकात थोडंसं अडकून... मार्कस दूधच विसरला.

“कोरसची एक पोरगी गालगुंडाने पडलीय. तू गातेस?”

“चर्चच्या क्वायरमध्ये. पण मधेच हसते म्हणून दोनदा बाहेर काढलंय.”

“आज नको हसूस, म्हणजे झालं.” त्याने टोपी सारखी केली. “एकच रेकॉर्ड मिळालीय गो. नाही चालली, तर पुढच्या महिन्यात जहाजावर— खलाशी.”

केंद्र बंद करून ती गेली. का गेली, हे तिलाही नीट सांगता आलं नसतं.

गाणं बैलगाडीचं, मराठी. पण गिटारची चाल अमेरिकेतल्या गुराख्यांची. “कंट्री म्युझिक,” मार्कसने ऐटीत सांगितलं. टोपी वडिलांची होती. ती घातल्याशिवाय तो वाजवायचा नाही.

तीन टेक फुकट गेले. चौथा मात्र झकास चालला होता. कडवं झालं, एकटी गिटार सुरू झाली... आणि टोपी घसरली. आधी भुवयांवर, मग डोळ्यांवर, मग थेट नाकावर. दोन्ही हात तारांत गुंतलेले! मार्कस हनुवटी वर करून आंधळ्यासारखा माइक शोधत वाजवतच राहिला.

अँजेलिनाने ओठ चावले. ओढणी तोंडात कोंबली. आणि तरी— ती हसलीच.

“वाट लागली!” गाणं संपताच काचेमागून रेकॉर्डिस्ट कुंडलिकराव ओरडले. “वेळ संपली. पुढची पार्टी दारात उभी आहे.”

मार्कसने टोपी वर करून पाहिलं, तेव्हा अँजेलिना जिना उतरून पळाली होती.

तीन आठवडे तिने जहाजं मोजली... मनातल्या मनात. मग एका सकाळी समोरच्या रेडिओवाल्या रतनच्या दुकानातून तीच गिटार ऐकू आली. आता तिच्या हसण्याची जागा येणार! तिने कान झाकले. पण दुधाच्या रांगेतली माणसं हसू लागली, आणि कुणीतरी ओरडलं, “ए रतन, परत लाव ना यार!”

महिनाभरात अंधेरीपासून मुलुंडपर्यंत प्रत्येक लग्नात ते गाणं. त्या जागी बँडवाले थांबायचे आणि पोरी मुद्दाम हसायच्या.

मार्कस आला तो धापा टाकतच. “कुंडलिकराव तुझं हसू कापणार होते. मी म्हटलं, ते काढलंत तर माझं नावही काढा.”

“वेडा आहेस का रे?”

“आहे ना. जहाजवाल्यांना ‘येत नाही’ म्हणून कळवलं. आता... तू काय म्हणतेस? माझ्याशी लग्न—”

अँजेलिनाने हातातल्या बाटल्या खाली ठेवल्या. “रविवारी माझ्या मैत्रिणीच्या, मोनिकाच्या लग्नात गाणार आहेस ना? तिथे सांगते.”

रविवारी मरोळ गावठाणातला मांडव गच्च भरला होता. गाणं रंगलं. ती जागा आली. गिटार थांबली. सगळा मांडव अँजेलिनाकडे वळला...

आणि तिला हसूच येईना! लाजून ती ओढणीचं टोक पिळू लागली. मार्कसने तोच तुकडा पुन्हा वाजवला. पुन्हा एकदा. त्याचा चेहरा हळूहळू उतरला— तिचं उत्तर ‘नाही’ आहे, असं त्याला वाटलं.

मग त्याने मान जोरात हलवली. टोपी घसरली. भुवयांवर... डोळ्यांवर... नाकावर. हनुवटी वर करून तो अँजेलिनासाठी वाजवू लागला, पण तोंड मात्र वड्यांची परात धरून उभ्या असलेल्या कॉस्मस अंकलकडे! अंकल बिचारे लाजले.

आणि ती हसली. खळाळून, शेवटी नाकात अडकून.

टोपीखालून माइकमध्ये आवाज आला, “हे... हो ना?”

“हो रे, हो! आधी ती टोपी वर कर!”